केराटोकोनसमध्ये दात्याच्या कॉर्नियाची पट्टी (केअर्स): कुणाला, कशी, आणि कुठे चुकतं

नेत्रवेध

केराटोकोनस म्हणजे कॉर्निया, डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन पुढे येण्याचा रोग. त्यावर क्रॉस-लिंकिंग (रायबोफ्लेविन आणि अतिनील प्रकाशाने कॉर्निया कडक करणं) आणि स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) यांबद्दल इथे पुष्कळ लिहून झालंय. दात्याच्या कॉर्नियाची पट्टी बसवण्याबद्दल मात्र अर्धवट माहिती फिरते. कुणी तिला 'छोटं नेत्ररोपण' म्हणतं, कुणी 'चष्मा घालवायचं ऑपरेशन'. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यापायी पेशंट चुकीची अपेक्षा घेऊन टेबलावर येतो. म्हणून हा धागा. या कामातल्या मंडळींनी नेमकं लिहावं ही विनंती.

आधी मूळ मुद्दा. निरोगी कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो. केराटोकोनसमध्ये तो एका जागी, बहुतेकदा मध्याच्या थोडा खाली, पातळ होतो आणि तिथे शंकूसारखा पुढे येतो. नजर बिघडते ती या वेड्यावाकड्या आकारामुळे. चष्म्याची काच गोल किंवा तिरका (सिलिंडरचा) नंबर भरून काढते, वेडावाकडा आकार भरून काढणं तिच्या आवाक्यात नसतं.

आता कडेच्या भागात, थरांच्या मधोमध, कंसाच्या आकाराची पट्टी सरकवली की काय होतं? मच्छरदाणी कडेला गादीखाली जास्त खोचली की मधला झोळ ताणला जातो, तसंच. थरांना पट्टीला वळसा घालून जावं लागतं, त्यात त्यांची लांबी खर्च होते आणि मधला भाग सपाट होतो. कडेला ऊती वाढवली तर मध्य सपाट होतो हा होझे बाराकेर यांचा जाडीचा नियम, आणि या शस्त्रक्रियेचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

ही पट्टी पहिल्यांदा प्लास्टिकची आली. पीएमएमए या कडक प्लास्टिकच्या इन्टॅक्स कड्या केराटोकोनससाठी वापरल्याचं काम फ्रान्सच्या जोसेफ कोलां यांनी २००० साली प्रसिद्ध केलं. फेरारा, केरारिंग याही अशाच कड्या. त्या चालतात, पण प्लास्टिक कडक असतं आणि कॉर्निया त्याला आपलं मानत नाही. पट्टी उथळ बसली की वरची ऊती झिजते, पट्टी सरकते किंवा उघडी पडते. म्हणून ती ७० ते ८० टक्के खोलीवर ठेवावी लागते, आणि जितकी खोल तितका परिणाम कमी.

चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी प्लास्टिकच्या जागी दात्याच्या कॉर्नियाचीच पट्टी वापरली. २०१८ साली २० पेशंटच्या २४ डोळ्यांवरचा त्यांचा अहवाल आला, त्यात पट्टीसोबत क्रॉस-लिंकिंगही केलेलं होतं. 'कॉर्नियल ॲलोजेनिक इन्ट्रास्ट्रोमल रिंग सेगमेंट्स' या इंग्रजी नावाचं लघुरूप 'केअर्स'. पट्टीसाठी लेझर कॉर्नियाच्या मधल्या खोलीवर बोगदा, म्हणजे चॅनल, करतो. ऊती माणसाचीच असल्याने ती साधारण निम्म्या खोलीवर, म्हणजे प्लास्टिकपेक्षा बरीच वर, ठेवता येते. तिथे ती जास्त काम करते. आणि ज्या पातळ कॉर्नियात प्लास्टिक बसवायला कुणी धजावणार नाही, तिथेही ती बसू शकते.

पट्टी आकार सुधारते. रोग थांबवणं तिचं काम नाही, ते क्रॉस-लिंकिंगचं. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि कागदावर वेगळेच मांडावेत.

काचबिंब

(ऑप्टोमेट्री) नेत्रवेध सर, आधीच्या तपासण्यांवर मी लिहितो. खराब निकालाचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं.

पहिली गोष्ट कॉन्टॅक्ट लेन्स. लेन्स कॉर्नियाला दाबून तात्पुरता आकार देते. सॉफ्ट लेन्स किमान १ आठवडा आणि कडक लेन्स २ ते ४ आठवडे बंद ठेवल्याशिवाय काढलेला कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा धरू नये. पेशंट कुरकुरतो, कारण कडक लेन्सविना त्याला कामच करता येत नाही. मग एका वेळी एक डोळा बंद ठेवा, पण नियम मोडू नका. शंका असेल तर आठवड्याने पुन्हा नकाशा काढा. दोन्ही जुळले तरच पुढे.

नकाशात सगळे आधी केमॅक्सवर, म्हणजे सगळ्यात जास्त वक्रतेच्या आकड्यावर, बोट ठेवतात. तो एका बिंदूचा आकडा आहे. पट्टी कुठे ठेवायची हे त्यावरून ठरत नाही. मी पाहतो ते असं: सगळ्यात पातळ जागा केंद्रापासून किती आणि कुठल्या दिशेला, शंकू केंद्रात आहे की खाली घसरलेला, टॅन्जेन्शियल (जागोजागची वक्रता दाखवणाऱ्या) नकाशात त्याची खरी कड कुठे, आणि तिरक्या नंबरचा अक्ष कोमाच्या (आकार एका बाजूला झुकल्याने येणाऱ्या दोषाच्या) अक्षाशी जुळतो का. दोन्ही अक्ष जुळत असतील तर योजना सोपी. त्यांच्यात ६०-७० अंशांचं अंतर असेल तर दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीची पट्टी टाकून भागत नाही. तिथे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत जाणारी पट्टी लागते. इस्तंबूलच्या डॉ. आयलिन किलिच यांनी असमान पट्ट्यांवर बरंच काम केलंय.

पट्टीचा कंसही परिणाम बदलतो. छोटा कंस, ९० ते १२० अंशांचा, तिरका नंबर जास्त कमी करतो. १६० अंशांच्या आसपासचा लांब कंस सगळा मध्य सपाट करतो आणि तिरक्या नंबरावर त्यामानाने कमी चालतो. केंद्राच्या जवळ आणलेली पट्टी जास्त जोर करते, जाड पट्टीही.

आणखी एक तपासणी राहून जाते: अंधारात बाहुली किती मोठी होते. विशीतल्या मुलाची बाहुली अंधारात ६ ते ७ मिमी होऊ शकते. पट्टीची आतली कड ६.५ मिमी व्यासावर असेल तर रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणार. दात्याच्या ऊतीचा अपवर्तनांक कॉर्नियाचाच असल्याने हा त्रास प्लास्टिकपेक्षा कमी असतो. तरीही रात्री गाडी चालवणाऱ्याला हे आधी सांगायलाच हवं.

उंबरठा

दोघांचेही आभार. फार्माकॉलॉजी शिकवतो, डोळ्यांचं काम माझं नाही, म्हणून एक-दोन गोष्टी नीट विचारतो. लेझर मधल्या खोलीवर चॅनल करतो म्हणता. 'मधली' कशाच्या हिशेबाने? शंकूच्या पातळ टोकाच्या, की जिथे पट्टी बसते तिथल्या? आणि शंकूच पातळ असेल तर पट्टी बसवल्यावर त्याची जाडी वाढते का?

नेत्रवेध

उंबरठा, दुसऱ्याचं उत्तर आधी: वाढत नाही. पट्टी कडेला जाते, शंकूच्या टोकाची जाडी आहे तेवढीच राहते. क्रॉस-लिंकिंगचा हिशेब त्यामुळे शंकूच्या टोकावरच करायचा असतो. हे विसरून 'आता कॉर्निया जाड झाला' असं धरणं धोक्याचं.

पहिला प्रश्न नेमका आहे. खोली ठरते चॅनलच्या मार्गावरच्या जाडीवरून. लेझर पृष्ठभागापासून ठरावीक खोलीवर समान चालतो. समजा मार्गावर वरच्या बाजूला जाडी ५२० आणि खालच्या बाजूला ४३० मायक्रॉन आहे, आणि चॅनल २५० वर ठेवला. वर चॅनलखाली २७० उरतात, खाली फक्त १८०. म्हणजे एकच आकडा एकीकडे निम्म्याच्याही अलीकडे, दुसरीकडे ५८ टक्के. त्यामुळे मार्गावर दर ३० अंशांनी जाडी लिहून घ्यावी आणि सगळ्यात पातळ जागेला जपून आकडा ठरवावा. केंद्रातल्या जाडीवरून खोली काढणं ही चूक मी दुसऱ्यांच्या आराखड्यांत वारंवार पाहतो.

आता क्रम लिहितो.

पेशंटला बसवून, स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर), ०-१८० चा अक्ष शाईने खुणवायचा. आडवं झाल्यावर डोळा काही अंश फिरतो, म्हणून खूण बसूनच. तिरक्या नंबरच्या लेन्समध्ये दर अंशाच्या चुकीला साधारण ३ टक्के परिणाम वाया जातो. इथे गणित तंतोतंत तेच नाही, पण १० अंश चुकले तर निकालात ते दिसतंच.

डोळा बधिर करणारे प्रोपॅराकेनचे थेंब, ५ टक्के पोविडोन आयोडीन ३ मिनिटं. पूर्ण भूल बहुधा लागत नाही. फेम्टोसेकंद लेझरची (अतिसूक्ष्म कापणाऱ्या लेझरची) डोळा धरून ठेवणारी सक्शन रिंग केंद्र साधून बसवायची आणि चॅनल व आत शिरण्याची उभी खाच दोन्ही लेझरनेच करायची. आत ६.५ आणि बाहेर ८ मिमी व्यास धरला तर चॅनलची रुंदी पाऊण मिमी. त्याच मापाची पट्टी दात्याच्या कॉर्नियातून कापायची.

लांबीचा हिशेबही करूनच ठेवावा. चॅनलचा मधला व्यास ७.२५ मिमी, परीघ सुमारे २२.८ मिमी. १६० अंशांच्या पट्टीला १०.१ मिमी लागतात, १२० अंशांना ७.६ मिमी. पट्टी अंदाजाने कापून आत घातल्यावर टोक खाचेत डोकावतंय असं दिसलं, तर ती बाहेर काढून छाटणं म्हणजे चॅनलच्या भिंती विनाकारण घासणं.

पट्टी तयार करण्याबद्दल नेत्रपेढीवाल्या मंडळींनी लिहावं, मग बसवण्याबद्दल पुढे लिहितो.

पेढीतला_तंत्रज्ञ

लिहितो. दात्याचा कॉर्निया पेढीत येतो तो भोवतीच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या २ ते ४ मिमी कडेसह. ऊती टिकवणाऱ्या द्रवांपैकी एमके माध्यमात ४ दिवस, कॉर्निसॉलसारख्या माध्यमात १४ दिवसांपर्यंत, २ ते ८ अंश तापमानाला. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांचे अहवाल आल्याशिवाय ऊती बाहेर जात नाही. पट्टी असली तरी नियम तोच.

पूर्ण रोपणासाठी आतल्या पेशींचा थर, एन्डोथेलियम, भक्कम लागतो. मिमी चौरसात २००० ते २५०० पेशी तरी मोजल्या जाव्यात अशी सर्जनची मागणी असते. बऱ्याच दात्यांचं वय आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन यामुळे ही संख्या भरत नाही. पट्टीसाठी मात्र एन्डोथेलियम काढूनच टाकायचा असतो. तेव्हा ज्या कॉर्नियाला दृष्टीच्या रोपणासाठी कुणी घेतलं नसतं, तो इथे उत्तम चालतो, अट एवढीच की मधला थर स्वच्छ हवा. म्हणून सर्जननी मागणीपत्रात 'पट्टीसाठी' असं स्पष्ट लिहावं. नाहीतर पेढी चांगल्या पेशींचा कॉर्निया पाठवते आणि रोपणाच्या रांगेतल्या कुणाचा तरी नंबर मागे जातो.

कापण्याचा क्रम: वरचा पातळ थर, एपिथेलियम, बोथट पात्याने किंवा स्पंजने खरवडून काढायचा. मग कॉर्निया आतली बाजू वर करून ठोकळ्यावर ठेवायचा. ट्रायपॅन ब्लूने आतला पडदा रंगवून सोलायचा. निळा रंग नसेल तर तुकडे मागे राहिलेले कळत नाहीत. त्यानंतर दोन पात्यांच्या गोल पंचने दाबून कडी काढायची, एका कडीतून दोन कंस निघतात. पंच सरळ बसला नाही तर कडीची भिंत तिरपी येते आणि पट्टी एका बाजूने जाड होते. दाब हळू आणि एकाच वेळी, फिरवाफिरव नको.

वरची बाजू कुठली हे जेन्शन व्हायोलेटच्या ठिपक्याने लगेच खुणवावं. पट्टी एकदा वळली की नुसत्या डोळ्यांनी वर-खाली ओळखू येत नाही.

माध्यमातली ऊती पाणी पिऊन फुगलेली असते. तशीच घेतली तर भिजवलेल्या शेवयेसारखी लवलवते, चिमट्यात धरली की दुमडते, चॅनलच्या तोंडाशी गोळा होते. काही मिनिटं कोरड्या हवेत उघडी ठेवली की पाणी उडून ती बारीक, जराशी पारदर्शक आणि वाळलेल्या कुरडईसारखी ताठ होते. मग सरळ सरकते. बेरूतचे डॉ. शादी अव्वाद यांनी या वाळवण्याच्या पद्धतीवर काम केलंय. आत गेल्यावर ती कॉर्नियातलं पाणी शोषून पुन्हा फुलते.

नेत्रवेध

कुरडईची उपमा अगदी बरोबर. आणि फार वाळवली तर कुरडईसारखीच तुटते, हेही लक्षात असू द्या.

बसवताना: खाचेतून बोथट स्पॅट्युला घालून लेझरचा चॅनल दोन्ही दिशांनी पूर्ण मोकळा करायचा. इथे घाई केली की स्पॅट्युला लेझरच्या पातळीतून सुटून वर किंवा खाली वेगळी वाट काढते. हाताला अडकल्यासारखं लागलं की थांबा, दुसऱ्या टोकाकडून या. पट्टीचं टोक खाचेत देऊन उलट्या हुकने ढकलायचं किंवा वक्र चिमट्याने पलीकडून ओढून घ्यायचं. पूर्ण आत गेल्यावर कॉर्नियाच्या वरून बोथट उपकरणाने इस्त्री फिरवल्यासारखं दाबत न्यायचं, म्हणजे आतली वळी सुटते. सूक्ष्मदर्शकाला ओसीटी (थरांचा छेद दाखवणारं स्कॅन) असेल तर लगेच आडवा छेद पाहा. पट्टी सपाट आहे की मुडपलेली, हे तिथेच कळतं आणि तिथेच सुधारता येतं.

शेवटी बँडेज लेन्स (जखम झाकणारी मऊ लेन्स), प्रतिजैविक आणि स्टेरॉइडचे थेंब.

शाश्वती_ओटी

एक भर. सक्शन सुटणं ही लेझरच्या वेळची मोठी अडचण. पापण्यांची फट अरुंद, पेशंट घाबरून डोळे मिटायला बघतो, कडेने हवा शिरते आणि अर्धा चॅनल होऊन लेझर थांबतो. अशा वेळी लगेच त्याच जागी दुसरी फेरी मारण्याचा मोह होतो. पुन्हा रिंग लावली तर केंद्र किंचितही हललं तरी दोन पातळ्या एकमेकींना छेदतात. लेझरने झालेले आधीचे बुडबुडे विरू द्यावेत आणि केंद्र पुन्हा साधता येत नसेल तर तो दिवस सोडून द्यावा. पेशंटला आधी दोन मिनिटं सगळं समजावून सांगणं, समोरच्या दिव्याकडे बघायचा सराव करवून घेणं, याने बराच फरक पडतो.

आणि दात्याची पट्टी लेझर नीट झाल्यावरच कापायला घ्या. आधी कापून ठेवली आणि लेझर रद्द झाला तर ती ऊती वाया.

उंबरठा

क्रॉस-लिंकिंग त्याच दिवशी करायचं की नंतर? वाचलेल्यात दोन्ही मतं दिसतात.

नेत्रवेध

माझं मत: रोग वाढत असेल तर त्याच बैठकीत. पट्टीने कॉर्नियाला नवा आकार दिला, तो मऊ असतानाच दिला, आणि मग तो कडक केला. उलट क्रमाने केलं तर आधीच कडक झालेला कॉर्निया पट्टीला कमी दाद देतो.

रोग वाढतोय हे ठरवायला साधारण धरलेली खूण म्हणजे वर्षभरात केमॅक्समध्ये १ डायॉप्टर किंवा जास्त वाढ, सोबत जाडी कमी होणं, नंबर सरकणं. पस्तिशी ओलांडलेल्या आणि दोन-तीन वर्षं नकाशा न हललेल्या पेशंटला क्रॉस-लिंकिंगची गरज असेलच असं नाही.

क्षितिज_कॉर्निया

इथे थोडा मतभेद. त्याच बैठकीत केलं तर ८-९ मिमीचा एपिथेलियम काढावा लागतो. म्हणजे वर उघडी जखम, बाजूला ताजी खाच आणि आत परकी ऊती, हे सगळं एकाच आठवड्यात. संसर्गाला एवढी सोय कशाला करून द्यायची? शिवाय महिन्याभरात पट्टी किंचित फिरवावी लागली तर कॉर्निया आधीच कडक झालेला. पेशंट नियमित येणारा असेल आणि रोगाचा वेग बेताचा असेल तर मी पट्टी बसवून, निकाल पाहून, काही आठवड्यांनी क्रॉस-लिंकिंग करण्याच्या बाजूने आहे.

आकडे लिहून ठेवतो, कारण यावर गोंधळ असतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनची प्रमाण पद्धत (वोलेन्झाक, श्पोर्ल, झायलर यांच्या २००३ च्या कामावरून आलेली): ०.१ टक्का रायबोफ्लेविन ३० मिनिटं, मग ३ मिलीवॅट प्रति चौ. सेंमी तीव्रतेचा ३७० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ३० मिनिटं. एकूण ऊर्जा ५.४ जूल प्रति चौ. सेंमी. ९ मिलीवॅट १० मिनिटं घेतले तरी बेरीज तीच. एपिथेलियम काढल्यावर सगळ्यात पातळ जागी ४०० मायक्रॉन हवेत, नाहीतर आतल्या पेशींना इजा होते. त्याखाली असेल तर कॉर्निया फुगवणारं पातळ रायबोफ्लेविन, किंवा रायबोफ्लेविनमध्ये भिजवलेली कॉन्टॅक्ट लेन्स वर ठेवून केलेली पद्धत, किंवा जाडीप्रमाणे प्रकाशाचा वेळ कमी करणं, हे मार्ग आहेत. प्रकाश सुरू करण्याच्या ऐन आधी आणि मध्येही जाडी मोजा. डेक्स्ट्रान असलेलं रायबोफ्लेविन अर्ध्या तासात कॉर्नियातलं पाणी ओढून घेतं. सुरुवातीला ४२० असलेला आकडा प्रकाशाच्या वेळी ३७० झालेला असतो आणि कुणी पाहिलेलंच नसतं.

नेत्रवेध

जाडी पुन्हा मोजण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. क्रमाबद्दल एवढंच म्हणतो की गावाहून एकदाच येऊ शकणाऱ्या, पुन्हा येईल की नाही याची खात्री नसलेल्या १९ वर्षांच्या मुलाला 'काही आठवड्यांनी या' सांगण्यात रोग हातातून निसटण्याची भीती जास्त. तिथे मी एकाच बैठकीला कौल देतो. तुमचा संसर्गाचा मुद्दा मात्र हलका नाही.

आता काय बिघडतं ते लिहितो.

पट्टी उथळ बसली की तिच्या वरचा पृष्ठभाग उंचावतो. फ्लुओरेसीन (तपासणीचा रंग) घातल्यावर त्या उंचवट्यावर रंग टिकत नाही, सारखा कोरडा पडतो. पेशंट सांगतो, 'पापणीला काहीतरी लागतंय.' याकडे दुर्लक्ष केलं तर तिथलं एपिथेलियम वारंवार सोलतं आणि तिथूनच संसर्ग शिरतो.

पट्टीचं टोक खाचेच्या तोंडाशी राहिलं तर खाच नीट मिटत नाही आणि एपिथेलियमच्या पेशी आत उतरतात. टोक खाचेपासून थोडं आत सरकवून ठेवणं हा साधा उपाय आहे.

पट्टी चुकीच्या जागी बसली तर तिरका नंबर कमी होण्याऐवजी दिशा बदलतो. पहिल्या महिन्यात घाबरू नये, कारण ऊती फुगलेली असते. तिसऱ्या महिन्यातही नकाशा तेच सांगत असेल तर पट्टी फिरवता येते, छाटता येते, बदलता येते, काढून टाकता येते. मधल्या दृष्टीच्या भागाला कुणी हात लावलेला नसतो. या शस्त्रक्रियेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

नाकारलं जाण्याची भीती पूर्ण रोपणापेक्षा फार कमी. एन्डोथेलियम काढलेला आहे, पट्टी रक्तवाहिन्यांपासून दूर आहे, ऊती थोडीशीच. तरी लाली, उजेड सहन न होणं, दुखणं, नजर मंदावणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं.

स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढतो, आणि इथे एक सापळा आहे. पातळ कॉर्नियावर दाब मोजला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. १८ दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका. ऑपरेशनआधीचा आकडा १० असेल तर १८ म्हणजे जवळपास दुप्पट. आधीच्या आकड्याशी तुलना करा.

काचबिंब

नंतरच्या नंबराबद्दल. चष्मा निदान तिसऱ्या महिन्याआधी कायमचा बनवू नका, आकार तोवर बदलतच असतो. मध्ये गरज पडली तर स्वस्तातली तात्पुरती काच द्या.

अपेक्षेबद्दल एक आकडा सांगतो. अमेरिकेत डॉ. पीटर हर्श यांनी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली, प्रत्येक पेशंटच्या नकाशाबरहुकूम लेझरने कापलेली ऊती वापरली. २०२३ च्या त्यांच्या अहवालात १८ पेशंटचे २१ डोळे होते. चष्म्याविना सरासरी नजर तक्त्यावर सुमारे ६ ओळींनी सुधारली. मोठी सुधारणा! पण पोचली ती साधारण ६/२४ ला (निरोगी नजर ६/६). म्हणजे चष्मा किंवा लेन्स बहुतेकांना लागतेच. मिळकत ही की आधी कुठलीच काच चालत नव्हती, आता चालते. किंवा आधी लेन्स डोळ्यावर टिकत नव्हती, आता टिकते.

पट्टीनंतर स्क्लेरल लेन्स बसवताना मधल्या भागावर सुरुवातीला २०० ते ३०० मायक्रॉनचं अंतर ठेवतो, कारण काही तासांत लेन्स सुमारे १०० मायक्रॉनने खाली बसते. पण पट्टीच्या उंचवट्यावर अंतर वेगळं तपासा. केंद्रात सगळं ठीक दिसतं आणि पट्टीवर लेन्स टेकलेली असते. तिथे रोज घासलं तर महिन्याभरात पृष्ठभाग खराब होतो.

आणि स्पष्ट सांगायचं तर, ज्याला स्क्लेरल लेन्सने ६/९ दिसतंय, दिवसभर ती त्रासाविना राहतेय आणि रोग स्थिर आहे, त्याला पट्टीची गरज नाही.

आरती_जळगाव

शंकूच्या टोकावर पांढरा डाग पडलेला असेल तर? आणि भावाला 'हायड्रॉप्स' होऊन गेलंय असं लिहून दिलंय.

क्षितिज_कॉर्निया

आरतीताई, डाग मध्यात असेल तर पट्टीने आकार सुधारला तरी डाग तिथेच राहतो. नजर त्यातूनच जायची असल्याने उपयोग थोडा. हायड्रॉप्स म्हणजे आतला डेसमेट पडदा फाटून कॉर्नियात पाणी शिरणं. ते ओसरल्यावर बहुधा डाग मागे राहतो.

अशा वेळी खोलवरचं थररोपण, डाल्क, हा पहिला विचार. यात पेशंटचा स्वतःचा एन्डोथेलियम ठेवून वरचे सगळे थर बदलतात. अन्वर आणि टाइखमन यांची २००२ ची पद्धत: मधल्या थरात सुईने हवा सोडून मोठा बुडबुडा करायचा, म्हणजे डेसमेट पडदा सुटा होतो, मग वरचे थर उचलायचे. दात्याचा सुमारे ८ मिमीचा तुकडा १०-० नायलॉनच्या साधारण १६ टाक्यांनी शिवतात. स्वतःचा एन्डोथेलियम राहिल्याने तो नाकारला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र भावाच्या डोळ्यात पडदा एकदा फाटलेला आहे. हवा सोडताना ती जुनी जखम उघडू शकते, म्हणून तिथे बुडबुड्याऐवजी हाताने थर सोलणं सुरक्षित, आणि पडदा मोठा फाटला तर पूर्ण जाडीच्या रोपणाकडे वळावं लागतं. ही शक्यता संमतिपत्रात आधीच लिहिलेली असावी. टाके टप्प्याटप्प्याने निघायला वर्ष-दीड वर्ष लागतं. सुटलेला टाका टोचू लागला तर वाट पाहायची नाही, लगेच काढून घ्यायचा.

ज्यांचा शंकू फार उभा आहे पण डाग नाही, अशांसाठी रॉटरडॅमच्या डॉ. खेरिट मेलेस यांनी दात्याचा फक्त बोमन थर (एपिथेलियमच्या लगेच खालचा पातळ थर) कॉर्नियाच्या थरांच्या मधोमध पसरवण्याची पद्धत काढली. बंगळुरात डॉ. श्री गणेश आणि डॉ. शीतल ब्रार यांनी स्माइल या नंबर घालवायच्या लेझर शस्त्रक्रियेत निघालेली कॉर्नियाची चकती मध्ये भोक पाडून वापरल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. तीही कडेला भर घालायचीच युक्ती.

आरती_जळगाव

धन्यवाद. त्याचा धाकटा मुलगा १३ वर्षांचा आहे, उन्हाळ्यात डोळे फार चोळतो. त्याचं काय?

काचबिंब

ताई, त्याचा नकाशा या महिन्यातच काढून घ्या, चष्म्याचा नंबर नसला तरी. घरात केराटोकोनस, ॲलर्जी आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आलेत. मुलांमध्ये रोग झपाट्याने वाढतो, म्हणून नकाशात खात्रीने रोग दिसला तर वर्षभर वाढीची वाट न पाहता क्रॉस-लिंकिंगचा विचार करतात.

चोळणं थांबवा म्हणून ओरडून उपयोग नाही, खाज थांबवावी लागते. ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणात नियमित, थंड पाण्याच्या पट्ट्या, उन्हात गॉगल. दुकानातून आपल्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणू नका, मुलांत त्याने काचबिंदू होऊ शकतो. आणि झोपेत तो कुठल्या कुशीवर, मनगट डोळ्यावर दाबून झोपतो का, ते रात्री एकदा पाहा. ज्या बाजूचा डोळा जास्त बिघडलेला असतो तीच बाजू पुष्कळदा उशीत दाबलेली सापडते. चोळणारा हात थांबला नाही तर पट्टीही टिकणार नाही आणि क्रॉस-लिंकिंगही.

उंबरठा

पेढीतला_तंत्रज्ञ यांना शेवटचा प्रश्न. तुम्ही वर लिहिलंत की कमी पेशींचा कॉर्निया पट्टीला चालतो. घरातलं ऐंशीच्या पुढचं माणूस गेलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा होता. अशा वेळी नातेवाईक 'हे डोळे कुणाच्या कामाचे' म्हणून पेढीला फोनच करत नाहीत. त्यांना काय सांगावं?

पेढीतला_तंत्रज्ञ

सांगावं की फोन करा, ठरवायचं काम पेढीचं. वय, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, रक्तदाब यांपैकी कशानेही नेत्रदान अडत नाही. ऑपरेशनची खाच कडेला असते, पट्टीसाठी लागणारा भाग त्याच्या आत असतो आणि बहुधा स्वच्छ मिळतो. रेबीज, एचआयव्ही, हिपॅटायटिस, सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग), काही रक्ताचे कर्करोग अशी कारणं असतील तर आम्हीच नाही म्हणतो.

मृत्यूनंतर ६ तासांच्या आत कॉर्निया काढावा लागतो, म्हणून फोन पहिल्या अर्ध्या तासात झालेला बरा. आम्ही पोचेपर्यंत पंखा बंद करा, एसी असेल तर चालू ठेवा. पापण्या मिटवून त्यावर ओला, पिळलेला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी द्या, म्हणजे डोळ्यांत रक्त उतरत नाही. मृत्यूचा दाखला तयार ठेवा आणि सहीसाठी जवळचं नातेवाईक व दोन साक्षीदार घरी असू द्या. आमचं काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं, चेहरा विद्रूप होत नाही, आणि अंत्यविधीला उशीर होत नाही.